गोवर्धनाची मोकळी जागा

दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी रघुनाथराव बूट घालून ओट्यावर येऊन बसले, आणि सुधाताईंच्या हातातली लाह्यांची परात जागच्या जागी थांबली.

गेल्या दोन पाडव्यांना त्यांच्या पायात बूट दिसले नव्हते. हा दिवस आला की ते मागच्या खोलीत जात, बावडीकडे पाठ करून वर्तमानपत्र उघडत आणि पानं वाढली जाईपर्यंत एकच पान वाचत बसत. रघुनाथराव सुधाताईंचे थोरले दीर, साऱ्या घराचे दादासाहेब. चर, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत तीस वर्षं काढून सुभेदार होऊन परतलेले. वय अठ्ठ्याहत्तर, पण काठी अजून कोपऱ्यातच उभी होती. बूट घातले म्हणजे हा माणूस कुठेतरी जाणार, एवढं घरातल्या मांजरालाही कळत होतं.

"परात खाली ठेव, सुधा. लाह्या सांडताहेत."

"कुठे निघालात, दादासाहेब?"

"निघालो कुठे? बसलोय." त्यांनी एका बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा तशीच बांधली. "पाकीट आलं का?"

"हेमेंद्र आणतोय. निघालेत हरिशंकरपुरमच्या घरून."

"हं."

त्या 'हं'मध्ये तीन वर्षं होती. सुधाताई परात घेऊन आत गेल्या, पण त्यांचं लक्ष चुलीवरच्या कढीकडे लागेना. खिडकीतून गोठा दिसत होता. सव्वीस भदावरी म्हशी, तांब्याच्या रंगाच्या, गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा ल्यालेल्या, रवंथ करत उभ्या होत्या. त्यांना कुठे ठाऊक होतं की आज त्यांचा मुक्काम ठरायचा आहे!

खळदकरांचे मूळपुरुष कान्होजी दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि शहराबाहेर ही उताराची जमीन, तिच्यावरची दगडी पायऱ्यांची बावडी मिळवून राहिले. खाली उतारावर जी वस्ती झाली तिचं नावही 'कान्हा का पुरा'. पण घराण्याचं नाव गाजलं ते रघुनाथरावांच्या वडिलांमुळे, महिपतरावांमुळे. एका दुष्काळात आसपासची गुरं पटापट मेली आणि खळदकरांच्या म्हशी या बावडीच्या पाण्यावर तगल्या. महिपतरावांनी बावडीपुढे हात जोडले आणि बोलले, 'दर पाडव्याला तुझ्या माथ्यावर शेणाचा गोवर्धन मांडीन. एकदा मांडला की उचलणार नाही.'

पाडव्याला शेणाचा गोवर्धन इथल्या सगळ्याच घरांत मांडतात. मराठी घरांनी ही चाल इथे येऊन घेतली आणि पाडव्याच्या ओवाळणीशेजारी बसवली. पण इतर लोक दुसऱ्या दिवशी त्या शेणाच्या गोवऱ्या थापतात. खळदकरांनी उचलला नाही. जुन्यावर नवा बसत गेला. पूजा झाली की घरातला वडील माणूस त्यावर बावडीच्या पाण्याचा कलश ओती आणि ते पाणी पायऱ्यांवरून ओघळत बावडीत परत जाई. याला घरात 'गोवर्धन बावडीला देणं' म्हणत. मग गोठ्यातलं रोजचं शेणही त्याच्याच मागे पडू लागलं. देवाच्या ढिगाला कोण हात लावणार? साठ वर्षांत दोन पुरुष उंचीचा डोंगर झाला. सराफा बाजारातले पेढीवाले आधी टांग्यातून आणि मग मोटारींतून तो बघायला येत. लग्न ठरवतानासुद्धा लोक म्हणत, 'ते गोवर्धनवाले खळदकर.'

आणि सुधाताई? जयेंद्रगंजातल्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं. फळ्यावर ढग काढला, डोंगर काढला, पाणी डोंगरावरून खाली येतं, जमिनीत मुरतं, विहिरीत जातं, असे खडूचे बाण काढले. दर वर्षी चौथीची सहल इथे आणली, गोवर्धन दाखवला आणि मुलांना याच बावडीचं पाणी पाजलं. बाण काढणाऱ्या हातांना डोंगराखालची बावडी दिसली नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण मोडलेल्या काट्यासारखी ती आत होती.

बावडी दिसली ती तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. ढीग एका बाजूने खचला आणि बावडीचं पाणी चहासारखं झालं. दादासाहेबांच्या मुलाची, हेमेंद्रची मुलगी यशश्री तेव्हा शेतकी कॉलेजात नुकतीच गेली होती. तिने बावडीचं आणि पुऱ्यातल्या हातपंपाचं पाणी तपासायला दिलं. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत हवं, ते बावडीत निघालं एकशे अठरा. पुऱ्यातल्या बायका तान्ह्या बाळांसाठी पाणी केव्हापासूनच लांबून आणत होत्या. कान्होजींच्या वंशजांना कसं सांगायचं, म्हणून गप्प होत्या.

निकाल आला त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं. दादासाहेब म्हणाले होते, "शेणाने घर पवित्र होतं. शेणाने पाणी बाटतं हे ऐकायला मी जगलो नसतो तर बरं!" हेमेंद्र म्हणाला होता, म्हशी काढा, लग्नांना भाड्याने द्यायचं मॅरेज गार्डन करू. शेवटी दादासाहेबांनीच फैसला दिला होता: "सुधा, ढीग हलव. वडिलांचा शब्द मी तुझ्या हवाली करतो. पण तिसऱ्या पाडव्याला बावडीचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही, तर म्हशी शेजारच्या दतियाला पाठवायच्या, जागा हेमेंद्रची, आणि तू त्यावर अक्षर बोलायचं नाहीस."

आज तिसरा पाडवा होता, आणि पाण्याच्या तपासणीचा निकाल त्या पाकिटात होता.

*

हेमेंद्रची गाडी आली तेव्हा ओसरीवर शाळा भरलेली होती. सुधाताईंची नात सीमंतिनी आणि तिच्या मामेबहिणी-मावसबहिणी, अशा सात-आठ जणी परातीभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या. परातीत वाळू, वाळूला उतार, खालच्या टोकाला वाळूत पुरलेली वाटी.

"ही वाटी म्हणजे?" सुधाताईंनी विचारलं.

"बावडी!"

"आणि हे?" त्यांनी वरच्या टोकाला शेणाचा लाडू ठेवला.

"ईऽऽ! गोवर्धन!"

"ई काय? देव आहे तो. आता पाऊस पाडा. हळू, सीमू, ढगफुटी नको." सीमंतिनीने तांब्याने धार धरली. "पाणी कुठे जाणार?"

मुली डोळे मोठे करून बघत राहिल्या. वाटीत हिरवट पिवळं पाणी गोळा झालं.

"आता लाडू या पत्र्याच्या झाकणावर ठेवा, आणि वरून हे दुसरं झाकण. पुन्हा पाऊस. पाणी कुठे जाणार?"

या वेळी वाटीत उतरलं ते वाळूतलं स्वच्छ पाणी.

"बघा, देव तोच, पाऊस तोच. फक्त दोघांची गाठ पडू दिली नाही. पावसाचं पाणी वेगळं..."

"शेणाचं पाणी वेगळं!" मुली एका सुरात ओरडल्या.

"काकू, सणाच्या दिवशीसुद्धा?" हेमेंद्र पायरीवर उभा राहून हसत होता; पण हसणं ओठांपुरतंच होतं. त्याने वाकून नमस्कार केला. त्याच्या कुर्त्याच्या खिशातून पांढऱ्या पाकिटाचं टोक डोकावत होतं. सुधाताईंच्या मास्तरणीच्या नजरेने लगेच टिपलं, पाकीट एका बाजूने फाडलेलं होतं.

त्यांनी परातीतली वाळू हाताने सारखी केली.

मागोमाग हेमेंद्रची बायको गरिमा अन्नकूटाच्या भाजीचं पातेलं सांभाळत आली. ती झाशीची, घरी हिंदी बोलणारी. पंचवीस वर्षांत तिने मराठी शिकून घेतली होती, पण घाईत असली की हिंदीच पुढे येई. "काकू, बत्तीस भाज्या आहेत यात, गिन लो चाहे. यशू, दही उतार गाडीतून."

यशश्रीने दही उतरवलं आणि पाया पडायला वाकताना हळूच म्हणाली, "आजी, पापांनी मला बघूच नाही दिलं. कल शाम से पाकीट त्यांच्याकडे आहे. मैंने बोला पण, दिखा दो. ऐकतच नाहीत."

"तू नमुना नीट घेतला होतास ना?"

"आजी! बिल्कुल नियमाने. बाटली धुऊन, लेबल लावून, बर्फात ठेवून."

"मग झालं. पेपर लिहून दिला की निकालाची काळजी मास्तरांनी करायची, पोरांनी नाही."

गोठ्याकडून अपूर्व आला. सुधाताईंचा मुलगा, बोलायला कमी, म्हशींचा जीव की प्राण. त्याने चुलतभावाकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. "हेमूदादा, सरळ सांगून टाक. दतियाला ट्रक बोलवायचा असेल तर दोघी गाभण आहेत, त्यांना इतक्यात चढवता येणार नाही."

"अरे, बसू तर दे!"

"बसायचं नंतर," ओट्यावरून दादासाहेबांचा आवाज आला. "दिग्विजयसिंह येऊ देत. पाणी त्यांचंही आहे. त्यांच्यासमोर उघडायचं."

सगळे चपापले. गेल्या दोन वर्षांत दादासाहेबांनी पुऱ्याचं नाव काढलं नव्हतं.

दिग्विजयसिंह पुऱ्यातले जाणते. पांढरा फेटा, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी पहिल्या वर्षी याच अंगणात सुधाताईंना खडसावलं होतं. चूक सुधाताईंचीच होती. त्यांनी ढीग हलवला, गोठ्याच्या सांडपाण्यासाठी पक्की टाकी बांधली. पण गोठ्याच्या पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी अडवायचं विसरल्या. पहिल्याच झडीत ते सगळं टाकीत गेलं, टाकी उतू गेली आणि शेणकाला नाल्यातून थेट पुऱ्यात शिरला. दिग्विजयसिंह म्हणाले होते, "पहले तो भगवान को बहाते थे बैनजी, अब का टंकी बहा रही हो?" सुधाताईंनी हात जोडून माफी मागितली होती आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या पत्र्याला पन्हाळी लावून घेतल्या होत्या.

आज ते आले, रामराम झाला, बाजेवर बसले. हेमेंद्रने पाकीट काढलं.

"फाटलंय," दादासाहेब म्हणाले.

"मीच फाडलं. काल संध्याकाळी."

"दुसऱ्याचं पाकीट?"

"बाबा, माझंही होतं. जागा मला मिळणार होती ना?" हेमेंद्रने घसा खाकरला. गरिमाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा बोलू लागला. "खरं सांगतो काकू. मला वाटलं, आकडा वाईट असेल तर आज सगळ्यांसमोर वाचायला जड जाईल. आणि चांगला असेल तर... तर मला जड जाईल. म्हणून एकट्याने वाचलं."

"और फिर पूरी शाम चुप बैठे रहे," गरिमा म्हणाली. "मी विचारलं, काय झालं? तर कागद पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आकड्यावर नाही."

"कुठल्या ओळीवर?" यशश्रीने विचारलं.

हेमेंद्रने कागद उलगडला. तो मोठ्याने वाचू लागला, शाळेतल्या मुलासारखा, एकेक शब्द तोडून: "नमुना घेणार, कुमारी यशश्री हेमेंद्र खळदकर." मग चष्मा पुसला. "माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कामाच्या कागदावर आलं काकू, तेही पोरीच्या नावामागे. आता हे लपवू की काय?"

"पापा, आकडा!"

"बावडी, नायट्रेट, एक्केचाळीस. पुऱ्याचा हातपंप, चव्वेचाळीस. दोन्ही पंचेचाळीसच्या आत."

अपूर्वने पहिल्यांदा खाली बघितलं आणि मग तोंड फिरवून गोठ्याकडे चालू लागला. त्याला म्हशींनाच आधी सांगायचं असावं. दिग्विजयसिंहांनी फेटा सारखा केला. "हमें तो जीभ से पता था बैनजी. पानी मीठो है गओ, बहुएँ अब दूर नहीं जातीं."

सीमंतिनीने विचारलं, "आजी, म्हणजे पास?"

"पास," सुधाताई म्हणाल्या. "पण काठावर. अजून पुष्कळ अभ्यास आहे. हातपंप तर एका मार्काने वाचलाय."

सगळे दादासाहेबांकडे बघत होते. दादासाहेब मात्र कागदाकडे बघतही नव्हते. ते उठले. "गोवर्धन मांडा," ते म्हणाले. "जुन्या जागी."

*

जुन्या जागी म्हणजे बावडीच्या माथ्यावर. ढीग गेल्यावर तिथली माती खरवडून काढली होती आणि नवी भरली होती. आता तिथे दूर्वा उगवली होती. दोन वर्षं घरात गोवर्धनाची पूजा झाली नव्हती, कारण दादासाहेबांनी दुसरी जागा मान्य केली नव्हती आणि त्यांना वगळून पूजा करायची कुणाची छाती नव्हती.

गरिमा आणि मुलींनी शेण आणलं. हातभर लांबीचा झोपलेला गोवर्धन झाला. नाभीत दही-दूध, अंगावर गवताच्या काड्यांची झाडं, भोवती चिमुकल्या शेणाच्या म्हशी. सीमंतिनीने प्रत्येकीच्या गळ्याला रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा ओढल्या, भदावरीसारख्या. लाह्या-बत्तासे उधळले. सात प्रदक्षिणा झाल्या. आरती झाली.

मग दादासाहेबांनी बूट काढले आणि बावडीच्या चौदा पायऱ्या उतरून स्वतः कलश भरला. कुणाचा हात घेतला नाही. वर येऊन ते गोवर्धनापुढे उभे राहिले.

सुधाताईंना कळलं, आता काय होणार. तो क्षण आला होता, ज्याचा विचार या तीन वर्षांत कुणीच केला नव्हता. टाकी बांधली, पन्हाळी लावल्या, आकडे आणले. पण गोवर्धन बावडीला देण्याची चाल तशीच उभी होती. आता ते कलश ओततील आणि पाणी पायऱ्यांवरून खाली जाईल. हातभर गोवर्धनाने काही आकडा बदलणार नव्हता. पण उद्या म्हणतील, जुन्यावर नवा. परवा त्याच्यामागे एक पाटी पडेल. डोंगर असाच तर उभा राहिला होता, एकेका पाटीने.

यशश्री पुढे सरकली. सुधाताईंनी तिचं मनगट धरलं.

"आजी, रोको ना त्यांना!"

"नाही."

"आजी!"

"गप. ज्याचं गणित त्याने सोडवायचं. आपण उत्तर सांगितलं तर ते आपलंच राहतं."

दादासाहेबांनी कलश उचलला. हात तिरपा झाला. पाणी काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. वारासुद्धा नव्हता. ते गोवर्धनाकडे बघत नव्हते. बावडीच्या उतरत्या पायऱ्यांकडे बघत होते. वडिलांच्या शेजारी याच जागी ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा पंधरा वर्षांचे असतील.

सीमंतिनी त्यांच्या धोतराला धरून उभी होती. तिला काही माहीत नव्हतं. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, जो तिला आजीने रोज विचारून पाठ झाला होता.

"आबा, पाणी कुठे जाणार?"

दादासाहेबांनी खाली तिच्याकडे पाहिलं.

"आधी बावडीत जाणार," ते हळूहळू म्हणाले. "बावडीतून झिरपत पुऱ्यात जाणार. दिग्विजयसिंहांच्या घरी जाणार." त्यांनी कलश सरळ केला. "आणि मग आमच्या वडिलांच्या नावावर जाणार. वडील म्हणाले होते, एकदा मांडला की उचलणार नाही. पण ते का म्हणाले होते, ठाऊक आहे? या बावडीने जीव वाचवले म्हणून. बावडीचं देणं फेडायचं होतं त्यांना. आम्ही तिच्याच तोंडात माती घातली, साठ वर्षं. शब्द पाळला, आणि तो कुणाला दिला होता तेवढं विसरलो." त्यांनी कलश सुधाताईंच्या हातात दिला. "घमेलं आणा."

"मी उचलतो, बाबा," हेमेंद्र पुढे झाला.

"तू मागून ये. मॅरेज गार्डनचं भूत उतरलं असेल तर."

"उतरलं हो."

"बरं झालं," गरिमा म्हणाली. "नाहीतर पाचशे पानांचं खरकटं पाणी कुठे गेलं असतं? तेसुद्धा नाल्यातच ना?"

दादासाहेबांनी गुडघे टेकून तो गोवर्धन दोन्ही हातांनी उचलला, दह्या-दुधासकट, लाह्यांसकट, आणि घमेल्यात ठेवला. बूट चढवून घमेलं डोक्यावर घेतलं. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो सुभेदार, बुटांत, छाती काढून, गोठ्याच्या दिशेने चालू लागला. मागे अख्खं घर, त्यामागे दिग्विजयसिंह. सुधाताईंना वाटलं, याहून मोठी मिरवणूक खळदकरांच्या दारात कधी निघाली नसेल.

त्या पुढे होऊन दाखवू लागल्या, "दादासाहेब, हा गोठ्याचा..."

"ठाऊक आहे. आधी शेण कोरडं खरडून काढायचं, मग थोडक्या पाण्याने धुवायचं. पूर्वी आपण आधीच पाणी मारत होतो. चार हौद लागत, आता एक लागतो." ते थांबले नाहीत. "मुलींनो, इकडे बघा. ही नाली. हे सगळं टाकीत जातं. टाकीला दोन खण. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात निवळलेलं पाणी. ते पलीकडे बरसीमच्या चाऱ्याच्या शेताला, पण मोजून, आणि पाऊस यायचा असेल तर नाहीच. आणि नाल्याच्या काठाने तो खसाचा, वाळ्याचा पट्टा आहे ना? तो आपला शेवटचा पहारेकरी. चुकून काही निसटलंच तर तो धरतो."

मुली आ वासून ऐकत होत्या. सुधाताईसुद्धा.

"तुम्हाला हे सगळं कुणी सांगितलं?"

दादासाहेबांनी बुटाचं टोक नालीच्या कडेला टेकवलं. "दुसऱ्या वर्षी या नालीत पाणी तुंबत होतं. आठवतं?"

आठवत होतं. गवंड्याने उतार चुकवला होता. आणि एका सकाळी नालीच्या कडेने खुंट्या ठोकलेल्या, सुतळी ताणलेली सापडली होती, अगदी बिनचूक उतार दाखवणारी. सुधाताईंना वाटलं यशश्रीने केलं. यशश्रीला वाटलं गवंड्याने. गवंडी गप्प राहून कौतुक घेऊन गेला होता.

"शंभर फुटांना एक फूट," दादासाहेब म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही. पलटणीत चर असेच मारत होतो. पहाटे, तुम्ही धारा काढायच्या आधी. दोन दिवस लागले."

"आणि आम्ही समजत होतो तुम्ही पाठ करून बसलाय!"

"पाठ केली होती. डोळे नव्हते मिटले." ते गालात हसले. "रागावलो होतो, सुधा. पण नाली तिरकी जाताना बघवेना."

शेणखताच्या ओट्याशी ते आले. सिमेंटची जमीन, तीन बाजूंना कठडा, वर पत्रा. त्यांनी घमेलं उतरवलं, गोवर्धन हलक्या हाताने खताच्या राशीवर ठेवला, त्यावर मूठभर पालापाचोळा पसरला आणि हात जोडले. "बाबा," ते महिपतरावांना उद्देशून म्हणाले, "जागा बदलली. शब्द तोच आहे."

*

सगळे परत आले तेव्हा अपूर्व बावडीतून भरलेली घागर घेऊन उभा होता. "क्लोरीन टाकलेलं आहे, कालच," यशश्रीने लगेच बजावलं. सगळ्यांना हसू फुटलं. दादासाहेबांनी पितळी गडू भरला. सगळ्यांना वाटलं, ते स्वतः पितील. त्यांनी तो दोन्ही हातांनी दिग्विजयसिंहांपुढे धरला.

"आधी तुम्ही. उतारावर खाली राहणाऱ्याने पहिलं पाणी प्यायचं, हा आजपासून या घरचा नियम."

दिग्विजयसिंह प्यायले. मिशा पुसल्या. "दादासाब, हमारे बाप ने भी ऐसा पानी इस बावड़ी का नहीं पिया."

मग गडू सुधाताईंकडे आला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. चौतीस वर्षांच्या सहली, रांगेत उभी राहून ओंजळ पुढे करणारी मुलं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. आता त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं होतं. मोठी झाली असतील. येऊ देत, पोराबाळांना घेऊन येऊ देत. धडा चुकीचा शिकवला तर तो पुन्हा शिकवायला लाज कसली?

पानं मांडायची तयारी चालली होती तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली. सराफा बाजारातले ओळखीचे म्हातारे पेढीवाले नातवंडांना घेऊन आले होते. आत येत त्यांनी बावडीकडे नजर टाकली आणि हिरमुसले होऊन विचारलं, "दादासाहेब, बच्चों को गोवर्धन दिखाने लाए थे. कहाँ गया?"

दादासाहेबांनी काठीशिवायच ताठ होत त्यांचा हात धरला आणि त्यांना बावडीच्या माथ्यावर घेऊन गेले. तिथे दूर्वा होती, थोड्या सांडलेल्या लाह्या होत्या, बाकी काही नव्हतं.

"देखिए," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा ताठा होता की सुधाताईंना ओसरीवरही ऐकू आला. "गौर से देखिए. साठ साल में हमने वो बनाया था. और तीन साल में हमारी सुधा ने ये बनाया है."